काठी कोपऱ्यात, पनीर खिशात: कुत्र्याला पहिल्यांदा क्लासला नेताना

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी एक ट्रेनर आले होते. गळ्यात आवळणारी साखळी, "सिट" म्हणून एक झटका, की कुत्री बसली. तीन दिवसांत चिंगी बसायला शिकली. त्याच तीन दिवसांत ती पट्टा दिसला की पलंगाखाली शिरायलाही शिकली. पहिल्या गोष्टीचे पैसे आम्ही मोजले होते, दुसरी फुकटात आली आणि ती घालवायला मला चार महिने लागले.

पुढे बदलीमुळे दोन वर्षं छत्रपती संभाजीनगरला राहिलो. तिथे सिडकोत एका घराच्या गच्चीवर रविवारी सकाळी क्लास भरायचा. साखळी नाही, काठी नाही, आरडाओरडा तर नाहीच. आता लातूरला परत आल्यावर आम्ही सहा-सात जण एका मोकळ्या प्लॉटवर जमून तसाच सराव करतो. नवा माणूस आला की तेच तेच प्रश्न विचारतो, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी कल्पना नीट समजून घ्या

शेताकडे जाताना रेंगाळणारा बैल संध्याकाळी घराकडे वळला की झपाझप पाय उचलतो. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. घरी वैरण आहे, पाणी आहे, एवढंच त्याला ठाऊक असतं. ज्या वागण्यातून चांगलं काही हाती लागतं, ते वागणं वाढतं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन संशोधकाने १८९८ मध्ये मांजरांना पेटीत कोंडून हेच मोजलं. बाहेर मासा ठेवलेला असायचा. योगायोगाने कडी उघडली की मांजर सुटायचं, आणि पुढच्या खेपेला ते कडी लवकर शोधायचं. पुढे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने त्यावर अख्खं शास्त्र उभं केलं. 'पॉझिटिव्ह रीइन्फोर्समेंट' हा शब्द तिथला. यातल्या 'पॉझिटिव्ह'चा अर्थ गोड बोलणं असा नाही. बेरजेचं चिन्ह असतं ना, तसं: काहीतरी देऊन वागणं पक्कं करणं.

शेजारचे काका गेटवर उभे राहून आमचा सराव बघायचे. एक दिवस म्हणाले, "सर, कुत्र्याला पनीर चारायलाव व्हय? डोक्यावर बसतंय ते. दोन दणके ठिवून द्या, बघा कसं ऐकतंय."

काकांची शंका रास्त होती, उपाय चुकीचा होता. खाऊ दाखवून कुत्र्याला बसवलं तर ती लाच. तो बसल्यावर खिशातून काढून दिला तर तो पगार. लाच घेणारा आधी हातात काय आहे ते बघतो आणि मग काम करायचं की नाही ते ठरवतो. नवखे लोक नेमके इथेच चुकतात. वर तक्रार करतात की खाऊ असेल तरच ऐकतो.

आणि 'त्याला दाखवून द्या मालक कोण आहे ते' हा सल्ला तर प्रत्येक गल्लीत मिळतो. त्याचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासात आहे. त्यांनी पिंजऱ्यात एकत्र ठेवलेले लांडगे पाहिले. ते सतत भांडायचे, त्यावरून कळपात एक दादा असतो आणि तो सगळ्यांना दाबून ठेवतो, असं चित्र रूढ झालं. डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाने ही कल्पना आधी स्वतःच पसरवली होती. मग जंगलातल्या लांडग्यांमागे वर्षानुवर्षं हिंडून १९९९ मध्ये त्यांनीच ती खोडून काढली. जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब. सोफ्यावर चढलेलं कुत्रं तुमची गादी बळकावत नसतं. तिथे मऊ लागतं म्हणून ते चढतं.

क्लास निवडताना

मराठवाड्यात असे क्लास मोजकेच आहेत. 'महिनाभर आमच्याकडे ठेवा, शिकवून परत देतो' म्हणणारे मात्र बरेच भेटतात. तिथे कुत्रा ट्रेनरचं ऐकायला शिकतो, तुमचं नव्हे. शिवाय त्या महिन्यात बंद फाटकाआड काय होतं ते तुम्हाला दिसत नाही. माझं मत स्पष्ट आहे: जिथे मालकाला आत घेत नाहीत, तिथे कुत्रा ठेवू नये.

फोनवर दोनच प्रश्न विचारा. कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही नेमकं काय करता? आणि चुकलं तर नेमकं काय करता? पहिल्याचं उत्तर "खाऊ, खेळ" असं पटकन येतं. दुसऱ्यावर माणूस अडखळला, किंवा "थोडा झटका द्यावा लागतो", "थोडं प्रेशर" असं म्हणाला, तर आभार मानून फोन ठेवा. काटेरी पट्टा आणि करंटचा पट्टा वापरणाऱ्यांच्या तर दारातही जाऊ नका. अमेरिकेतल्या प्राणिवर्तन पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये कुत्र्यांसाठी फक्त बक्षिसावर आधारलेलं शिक्षण वापरावं अशी भूमिका जाहीर केली. आक्रमक कुत्रेही त्यात आले. आपल्याकडेही १९६० च्या कायद्यानुसार प्राण्याला मारहाण करून विनाकारण वेदना देणं हा गुन्हा आहे.

मग एकदा कुत्रा न नेता क्लास बघून या. माणसांकडे नको, कुत्र्यांच्या शेपट्यांकडे बघा. शेपट्या पोटाखाली, कान मागे, सारखं ओठ चाटणं आणि जांभया चालल्या असतील तर ती शिस्त नव्हे, भीती आहे. चांगल्या क्लासमध्ये थोडा गोंधळ असतो. एक कुत्रा भुंकत असतो, दुसऱ्याचा मालक खिशात खाऊ शोधत असतो. एका शिकवणाऱ्यामागे पाच-सहापेक्षा जास्त कुत्रे नसावेत आणि दोन कुत्र्यांमध्ये चांगलं अंतर असावं. '१५ दिवसांत गॅरंटी' देणाऱ्याला एवढंच विचारा की स्वतःच्या लेकराची गॅरंटी देता का.

जाण्याआधीची तयारी

लसीचं कार्ड सोबत ठेवा. पिल्लाची लस साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होते, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, आणि रेबीजची तिसऱ्या महिन्याच्या आसपास. लोक विचारतात, सगळे डोस होईपर्यंत थांबायचं का? अडचण अशी की पिल्लाचं जग ओळखण्याचं वय तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतच असतं. त्या काळात ज्या गोष्टी त्याने शांतपणे पाहिल्या, त्यांची भीती पुढे सहसा वाटत नाही. म्हणून पहिला डोस आणि जंताचं औषध होऊन आठवडा झाला की क्लास सुरू करता येतो. पण जागा स्वच्छ हवी. आपल्याकडच्या मोकळ्या मैदानांवर पार्वोचा, म्हणजे उलट्या-जुलाबांनी पिल्लाचा जीव घेणाऱ्या विषाणूचा, धोका खरा आहे. छोट्या पिल्लाला गच्चीवरच्या क्लासला न्या, बाजारात न्यायचं तर कडेवर न्या. रिक्षा, बुरखा, फेटा, काठी टेकत चालणारे आजोबा, कुकरची शिट्टी, हे सगळं त्याला दुरून दाखवा आणि दाखवताना तोंडात काहीतरी गोड लागू द्या.

कुत्रा मोठा असेल आणि अचानक गुरगुरायला लागला असेल, तर क्लासच्या आधी डॉक्टर. कान दुखतो, सांधा दुखतो, गोचिडांमुळे ताप येतो, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. गावातल्या डॉक्टरला उलगडा झाला नाही तर तिथे दाखवता येतं.

सामान फार लागत नाही. गळपट्ट्याऐवजी छातीला बसणारा हार्नेस, सहा फुटांचा साधा पट्टा, पाण्याची बाटली, वाटी, आणि कमरेला खाऊची पिशवी. महागडी पिशवी घेऊ नका, सुताराची खिळ्यांची पिशवी उत्तम चालते.

खाऊबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण निम्मं यश तिथे आहे. तुकडा तुरीच्या दाण्याएवढा हवा, त्याहून मोठा नको. पाच मिनिटांत पन्नास तुकडे जातात. मोठे दिले तर कुत्र्याचं पोट भरतं आणि शिकणं संपतं. मऊ हवा, चावत बसायला लागू नये. मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन सगळ्यात भारी. शाकाहारी घरात पनीर. अंडं चालत असेल तर उकडून बारीक तुकडे. भाकरीचा तुकडा घरातल्या सरावाला पुरतो, पण समोरून दुसरं कुत्रं येत असताना भाकरीला कोण विचारतो? दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त खाऊ नको, तेवढं जेवण कमी करा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कधीच नाही. कालवणातला चिकनचा तुकडा धुऊन दिला तरी त्यात कांद्या-लसणाचा अंश राहतोच.

'टक' म्हणजे पैसे जमा झाले

पहिल्या दिवशी चिंगीला काहीच शिकवलं नाही. सिडकोतला क्लास घेणाऱ्या ताईंनी मला शिकवलं.

क्लिकर ही एक चिमुकली डबी असते, दाबली की 'टक' वाजते. नसेल तर बॉलपेनचं बटण चालतं, आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्याला तर पेनच बरं. टक वाजवा आणि लगेच, एक-दोन सेकंदांत, खाऊ द्या. असं पंधरा-वीस वेळा. कुत्र्याने काहीही करायची गरज नाही. थोड्या वेळाने तो दुसरीकडे बघत असताना टक वाजवा. मान गर्रकन वळली तर समजा त्याला हिशोब कळला. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांना आवाज ऐकून लाळ सुटायची, तीच ही गोष्ट.

एवढी यातायात कशाला, तर नेमकेपणासाठी. कुत्रा बसतो, तुम्ही खिशात हात घालता, तोवर तो उठतो आणि तुकडा उठण्याबद्दल मिळतो. टक मात्र ढुंगण जमिनीला टेकलं त्याच क्षणी वाजवता येतो, खाऊ मागाहून आला तरी चालतो. एक नियम मोडू नका: टक वाजला की खाऊ द्यायचाच, चुकून वाजला तरीही. चेक एकदा बाउन्स झाला की दुकानदार दुसऱ्यांदा घेत नाही.

बसायला शिकवताना 'बस'ची अडचण

चिमटीत तुकडा धरून नाकाजवळ न्या आणि हळूहळू डोक्यावरून मागे सरकवा. नाक वर गेलं की मागचा भाग आपोआप खाली येतो. टेकला, टक, खाऊ. पाच-सहा वेळांनंतर तोच हात रिकामा फिरवा आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्या. हे रिकाम्या हाताचं पाऊल बहुतेक जण गाळतात आणि मग जन्मभर तुकडा नाचवत राहतात.

शब्द सगळ्यात शेवटी. हात फिरला की दहापैकी आठ-नऊ वेळा बसतो असं झालं, की हात फिरवायच्या क्षणभर आधी शब्द म्हणा. एकदाच. "सिट, सिट, अरे सिट ना" म्हटलं तर कुत्रा समजतो की चौथ्या हाकेला बसायचं असतं.

आता कोणता शब्द? आमच्या घरी मी "बस" ठरवला आणि फसलो. आई वाढणाऱ्याला "बस बस" म्हणते, पोरगा "बस आली का" विचारतो, आणि बिचारी चिंगी दिवसभर उठाबशा काढते. शेवटी "सिट"वर आलो. इंग्रजीचं कौतुक म्हणून नाही, तो शब्द घरात दुसरा कुणी वापरत नाही म्हणून. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा, आजीसुद्धा. फ्रिजवर चार शब्दांची यादी चिकटवा.

सराव तीन ते पाच मिनिटांचा, दिवसातून दोन-तीनदा. चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरतो. घरात जमलं म्हणजे अंगणात जमेलच असं नाही. जागा बदलली की इयत्ता एकने खाली आणा.

हाक मारली की येणं

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात जास्त वाया घालवली जाणारी गोष्ट हीच. आपण हाक कधी मारतो? आंघोळ घालायची असते, खेळ थांबवून घरी न्यायचं असतं, किंवा रागवायचं असतं. मग तो का यावा? आंघोळीच्या वेळी स्वतः जाऊन आणा. हाक फक्त चांगल्या बातमीसाठी राखून ठेवा. दहा वेळा बोलवा, खाऊ द्या, आणि नऊ वेळा परत खेळायला सोडा. उशिरा आला तरी रागावू नका, कारण त्याच्या लेखी तो राग येण्याबद्दलचा असतो.

मैदानात सरावाला लांब दोर लागतो. बैलाचा सुती कासरा मी वापरतो, वीसेक फूट. हार्नेसला बांधायचा, गळ्याला नाही, आणि हाताला गुंडाळायचा नाही. कुत्रं सुसाट निघालं तर बोटं सोलून निघतात.

कारवानी किंवा पश्मी पाळणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. आपल्या लातूर भागाला या कुत्र्यांचं कौतुक आहे, पण ती नजरेने शिकार हेरून धावणारी जात आहे. शेळी पळाली, मांजर हललं, की पनीर-बिनीर काही आठवत नाही. आमच्यातल्या एका कारवान्याला खाऊमध्ये रसच नाही. त्याचं बक्षीस म्हणजे दोरीला बांधलेली चिंधी. हाकेला आला की ती जमिनीवरून पळवायची आणि त्याला पकडू द्यायची. कुत्र्याला जे हवं ते बक्षीस, आपल्याला द्यावंसं वाटतं ते नव्हे. आणि सशामागे सोडणं ही 'नैसर्गिक हौस' म्हणून चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार ठरते.

चपला, पाहुणे आणि गोणपाट

चप्पल पळवली की आपण मागे धावतो. कुत्र्याच्या दृष्टीने याहून चांगला खेळ नाही. धावू नका. त्याच्या पुढ्यात जमिनीवर चार-पाच तुकडे टाका, तो चप्पल सोडेल. मग खेळण्यांवर रोज अदलाबदलीचा सराव करा: "सोड", खाऊ, आणि खेळणं परत. परत मिळतं हे कळलं की लपवायची गरज उरत नाही.

पाहुण्यांच्या अंगावर उडी मारत असेल तर चारही पाय जमिनीवर असताना खाऊ, पोत्यातून सांडल्यासारखा, खालीच टाकायचा. उडी मारली तर पाहुण्याने पाठ फिरवायची. पहिले काही दिवस उड्या वाढतील. नेहमी उघडणारं दार उघडलं नाही की आपणही आधी जास्त जोरात वाजवतो. तेव्हा घरातल्या एकाने जरी "असू दे गं" म्हणत कुरवाळलं, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

गुरगुरण्याबद्दल कधीही रागावू नका. ती सूचना आहे. ती बंद पाडली तर पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावतो. मागे व्हा, कारण शोधा, आणि लेकरांना जेवणाऱ्या कुत्र्यापासून लांब ठेवा.

जाग्यावर बसायला शिकवण्यासाठी मी गोणपाट वापरतो. त्यावर पाय ठेवला की टक, बसली की टक, तिथेच राहिली की अधूनमधून खाऊ. दोन सेकंदांवरून पाच, पाचवरून दहा. वेळ वाढवताना अंतर वाढवायचं नाही, आणि दोन्हींत गडबड-गोंगाट मिसळायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. येळवशीला, म्हणजे आमच्याकडच्या वेळा अमावस्येच्या सणाला, शेतात नातेवाईक जमले, पंगत जमिनीवर, भज्जी आणि बाजरीचे उंडे समोर, तेव्हा चिंगी गोणपाटावर वीस मिनिटं बसली. एकविसाव्या मिनिटाला मी आंबिलीचा तांब्या आणायला उठलो आणि मामांच्या ताटातला उंडा गेला. मामा अजून विचारतात, क्लासची फी परत मिळाली का.

उन्हाळा, फटाके

मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. क्लास सकाळी साडेसातच्या आत संपला पाहिजे. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा. सात सेकंद ठेववत नसेल तर तिथे कुत्र्याचे पाय नकोत. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक, चाल लटपटते, असं दिसलं तर सावलीत नेऊन अंगावर पाणी घाला, वारा द्या आणि दवाखाना गाठा.

फटाक्यांची तयारी गणपतीतच सुरू करा. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावा, चिकन द्या. आवाज बंद, चिकन बंद. कान टवकारण्यापलीकडे काही झालं तर आवाज जास्त आहे, कमी करा.

गावात क्लासच नसेल तर

पाच जण मिळून सुरू करा. आमचे नियम एवढेच: प्लॉटला कुंपण किंवा भिंत हवी, भटकी कुत्री मध्येच घुसू नयेत. लस नसलेला कुत्रा नको, माजावर आलेली कुत्री त्या आठवड्यांत घरी. दोन कुत्र्यांची नाकं एकमेकांना लावायची नाहीत, 'दोस्ती करू दे' म्हणत तर मुळीच नाही. समोरच्या कुत्र्याकडे बघूनही तुमचा कुत्रा खाऊ घेतो, ते त्याचं अंतर. तिथेच उभं राहायचं, मग ते चाळीस फूट असलं तरी. एकाने दुसऱ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, कारण आपला टक उशिरा वाजतो हे आपल्याला कधीच पटत नाही.

नव्या माणसाने पहिल्या रविवारी कुत्रा आणायचा नाही. बसायला खुर्ची आणि एक बॉलपेन आणायचं. त्या दिवशी त्याला आम्ही कुत्रा करतो, आणि न बोलता नुसत्या 'टक'वर त्याच्याकडून पाण्याची बाटली उचलून घेतो. परवा आलेल्या साहेबांना ती सापडायला अकरा मिनिटं लागली.